चौथ्या दिवसाची टिक

सृष्टी आमच्या ऑफिसात आली त्या पहिल्या दिवशी मी तिला चहा करून दिला. आलं घालून, बिस्किटं बशीत मांडून. ही पोरगी सहा महिन्यांत माझ्या डोक्यावर मिरे वाटणार आहे, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नसतं. पण मी पडले भोळी.

ऑफिस म्हणजे मालवणच्या बाजारात एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या. आम्ही वेबसाइट करतो. देवबागचे होमस्टे, डॉल्फिन दाखवणारे बोटवाले, काजूवाले, आंबेवाले आणि एक दातांचा डॉक्टर. मालक सुदेश. आठ वर्षांपूर्वी त्याने हे सुरू केलं तेव्हा ऑफिसात तो, मी आणि एक गळका नळ, एवढेच होतो. कोडिंग तो करायचा. बाकी सगळं माझ्याकडे. फोटो मागवायचे, मजकूर लिहायचा, लोकांच्या मागे लागायचं, ‘काका, तुमच्या खोलीत गिझर आसा की नाय ता एकदाचा सांगा’ म्हणून चार-चार फोन करायचे. कुठल्या कामाचं काय झालं हे सुदेशला कधी माहीत नसायचं. तो खुर्ची फिरवायचा आणि विचारायचा, “शर्मिला, त्या आंबेवाल्याचा काय झाला गो?” मी न बघता सांगायची.

न बघता म्हणजे, बघूनच. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी निळी नायलॉनची दोरी बांधली होती. रापणीची जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांकडची उरलेली, फुकटची. तिला कपड्यांचे चिमटे, आणि चिमट्यांना जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काम लिहायचं. डाव्या टोकाला करायची कामं, मग चाललेली, मग क्लायंटकडे अडकलेली, उजव्या टोकाला झालेली. काम पुढे गेलं की चिमटा पुढे सरकवायचा. सुदेश येता-जाता हसायचा. “ह्या काय वाळत घातलंस गो, बांगडे?”

सृष्टी सावंतवाडीची. सव्वीस वर्षांची, तीन वर्षं पुण्यात काम करून आलेली. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “सर, आपण प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेऊ या ना. छोट्या टीमला खूप सोपं पडतं.” आणि तिने मोठ्या स्क्रीनवर ते उघडून दाखवलं. चार रकाने. करायचं, चालू, क्लायंटकडे, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. काम पुढे गेलं की कार्ड ओढून पुढच्या रकान्यात टाकायचं.

सुदेश खुर्चीतून उठून उभा राहिला. “काय सुंदर सिस्टिम आसा!”

मी माझ्या दोरीकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. परत दोरीकडे. चार रकाने! तेच! मी केलं ते बांगडे, आणि तिने केलं ती सिस्टिम. शिरा पडो असल्या न्यायावर! पण वरवर “छान आहे हं,” म्हणाले. पुढच्या महिन्यात त्या भिंतीवर एसी बसवायचा होता, म्हणून दोरी काढली. सुदेश म्हणाला, “आता कशाक होयी ती?” चिमटे मी घरी नेले.

खरं सांगते, त्या दिवसापासून मला बोर्डाचं वेड लागलं. कामाचं नाही, बघण्याचं. कार्डावर ज्याचं काम त्याचा एक छोटा गोल दिसतो, त्यात नावाचं पहिलं अक्षर. माझा ‘श’ हिरवा, तिचा ‘सृ’ नारिंगी. मी रोज सकाळी पहिल्यांदा गोल मोजायची. हिरवे किती, नारिंगी किती. मग अंगठे. सृष्टी कार्डाखाली काही लिहायची, ‘फोटो आले, काम सुरू करते’ वगैरे, आणि सुदेश त्याला अंगठा द्यायचा. माझ्या लिहिण्यालाही द्यायचा, नाही असं नाही. पण तिच्या खाली तो अंगठा लगेच यायचा आणि माझ्या खाली जेवणानंतर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता तो खुर्ची फिरवत नव्हता. त्याला काही हवं असलं की तो बोर्ड बघायचा. आठ वर्षं जे प्रश्न मला विचारले, ते आता तो स्क्रीनला विचारायचा.

“त्या चेडवान तुझा काय घोडा मारल्यान गो?” आमचे यजमान, दत्ताराम, म्हणाले. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. मी जेवताना सृष्टीबद्दलच बोलत होते, तिसऱ्यांदा.

काय घोडं मारलं ते मला सांगता आलं नाही. ती उद्धट नव्हती. मला ‘शर्मिलाताई’ म्हणायची, अहो-जाहो करायची. काम चोख. दातांच्या डॉक्टरचं काम चौदा महिने रखडलं होतं, ते तिने तीन आठवड्यांत संपवलं. तिच्यात खोट सापडली असती तर माझ्या पोटात इतकं दुखलं नसतं.

आणि दिवाळीत सुदेशने जाहीर केलं की जानेवारीत कुडाळला दुसरं ऑफिस उघडायचं. स्टेशनच्या बाजूला, खाली रस्त्यावरच गाळा घेतलाय. तिथे एक प्रमुख लागणार.

“तुमच्यातलीच एक,” तो म्हणाला.

“कोण?” मी विचारलं. सृष्टीने विचारलं नाही, पण तिचा माऊस थांबला.

“डिसेंबरचा काम बोर्डार कसा दिसता ता बघूया.”

मला कुडाळ हवं होतं. किती हवं होतं ते कोणाला सांगायची लाज वाटावी इतकं. बेचाळीस वर्षांची झाले मी. काचेचं दार, बाहेर पाटी, आत गेल्यावर सगळे मला विचारतायत, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे तयार होतं. दोरी कुठल्या भिंतीला बांधायची ते मी ठरवून ठेवलं होतं.

आता विमलाकाकीचं सांगते. माझ्या बापाच्या पाठच्या भावाची बायको. माझं माहेर पालसवणं, आचऱ्याकडच्या बाजूचं. आई गेल्यावर मला काकीनेच वाढवलं. काका गेले, मुलं मुंबईला, म्हणून काकीने घराच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. तिची वेबसाइट आम्हीच केली. फोटो मी काढले, मजकूर मी लिहिला, बुकिंगचं कॅलेंडर सृष्टीने बसवलं.

आणि पालसवण्याचा रिवाज गावपळणीचा. दर तीन वर्षांनी अख्खा गाव तीन दिवस नि तीन रात्री गाव सोडून शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळी. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि ओढ्यापलीकडे सड्यावर, उघड्या कातळमाळावर, माडाच्या झापांच्या झोपड्या बांधून राहायचं. मागे गावात एकटा देव. त्या दिवसांत शिवेच्या आत माणसाने पाऊल टाकायचं नाही. कधी निघायचं ते देव कौल देऊन सांगतो, आणि परत कधी यायचं तेही तोच सांगतो. चौथ्या दिवशी सकाळी फक्त मानकरी देवळात जातात, देवाला दोन्ही अंगांना फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली की ढोल वाजतो आणि गाव भरतो. नाही पडली तर आणखी एक दिवस बाहेर. मी चौथीत असताना एकदा दोन दिवस जास्त राहिलो होतो. शाळा बुडली म्हणून आम्ही पोरं खूश होतो.

हे पालसवण्यात जन्मलेल्या पोराला कोणी शिकवत नाही. त्याला ते ठाऊकच असतं. म्हणूनच कोणी ते बोलूनही दाखवत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी काकीने ऑफिसात फोन केला. मी बँकेत गेले होते, फोन सृष्टीने घेतला. काकी तिला म्हणाली, गाव पळता हा, मंगळवार, बुधवार, बेस्तरवार, तीन दिवस पावणे नको. झालं. मी परत आले तोवर कार्ड तयार होतं. ‘विमलाकाकी होमस्टे, गावपळण. मंगळ, बुध, गुरू बुकिंग बंद. शुक्रवारपासून चालू.’ नारिंगी गोल. सुदेशचा अंगठा सुद्धा येऊन बसला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी काकी, माझं गाव, माझी गावपळण, आणि गोल नारिंगी! मी काकीला फोन लावला. “माका कशाक नाय सांगलंस?”

“अगो, तू नाय होतंस. ता चेडू गोड बोलता गो,” काकी म्हणाली. “सगळा लिहून घेतल्यान.”

गोड बोलता!

कार्डाच्या खाली सृष्टीने एक ओळ घातली होती, पुढे रिकामा चौकोन. ‘शर्मिलाताई, तारखा बरोबर आहेत ना? बघून टिक करा.’

मी ती ओळ वाचली. शुक्रवारपासून चालू. कुठल्या शुक्रवारपासून, बाई? देवाने तुला फोन करून सांगितलं? निदान रविवारपर्यंत कॅलेंडर बंद ठेवायला हवं होतं. एवढं लिहिलं की काम झालं असतं. एक ओळ. माझी बोटं कीबोर्डवर होती. आणि माझ्या मनात आलं की मी लिहिणार, ही ‘थँक्यू ताई’ म्हणून दुरुस्त करणार, कार्ड ‘झालं’मध्ये जाणार, आणि गोल नारिंगीच राहणार. माझ्या गावची अक्कल तिच्या खात्यात जमा. कशाला? तीन वर्षं पुण्याला राहून आली ना, असू दे.

मी टिक केली. मग काढली. मग सृष्टी पाणी प्यायला उठली आणि सुदेशने मान वर करून तिला विचारलं, “सृष्टी, कुडाळच्या इंटरनेटचा तू बघशीत मा?” मी परत टिक केली.

पुढे मी स्वतःला समजावलं की देव बहुतेक वेळा चौथ्या दिवशी कौल देतोच. दिला तर काही बिघडत नाही. नाही दिला तर बाईसाहेबांना कळेल की सगळं स्क्रीनवर मावत नाही. चार दिवसांनी बोर्डावर आपोआप एक ओळ आली. ‘नवीन बुकिंग, शुक्रवार, अकरा जण, कोल्हापूर.’ मी ती दिवसातून पाचदा बघत होते. बोलले नाही.

गुरुवारी मी रजा टाकून पालसवण्याला गेले. लग्न होऊन गेलेल्या मुलींनी यायलाच पाहिजे असं नाही, पण आम्ही येतो. सड्यावर तीनशे झोपड्या, धूर, गुरांचे आवाज, बायकांची हसणी. काकीच्या झोपडीत मी तिच्या शेजारी चटईवर झोपले. तिने माझ्यासाठी वेगळी उशी आणली होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे शिवेवरच्या वडाजवळ उभे होतो. ढोल वाजला नाही. साडेआठ वाजता मानकरी परत आले. पुढे भाई, गावचे मुख्य मानकरी, ऐंशीच्या घरातले. त्यांनी हात हलवला. “आज नाय. उद्या.”

कोणाला काही वाटलं नाही. बायका परत चुलीकडे वळल्या. काकी म्हणाली, “तांदूळ आसत मा, बस मगे.” सड्याच्या वरच्या टोकाला एक जांभळीचं झाड आहे, तिथे फोनला रेंज येते. मी तिथे गेले. बोर्ड उघडला. कोल्हापूरच्या माणसाचा नंबर समोर होता. ते अजून निघालेही नसतील. एक फोन केला असता तर सगळं निस्तरलं असतं.

मी फोन बंद करून पिशवीत टाकला. आता इतकं झालंय तर होऊ दे, असं वाटलं मला. ते वाटणं माझं होतं, दुसऱ्या कोणाचं नाही. हे मी लपवत नाही.

तीन वाजता दोन गाड्या आल्या. शिवेवर रस्त्यात आडवा बांबू, त्याला आंब्याच्या डहाळ्या. गाडीतून एक चाळिशीचा माणूस उतरला, मागून बायका, मुलं, आणि शेवटी दोघांनी धरून एक म्हातारी आजी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती रस्त्याकडेच्या चिऱ्यावर बसली आणि पाय चोळायला लागली.

“आमचं बुकिंग कन्फर्म आहे, हे बघा,” तो माणूस फोन नाचवत म्हणाला. “आत सोडा.”

गावच्या पोरांनी त्याला समजावलं, गाव बंद आहे, देवाने अजून सोडलं नाही. तो भडकला. त्याचं काय चुकलं? चार-पाच तास गाडी चालवून आलेला माणूस. “मग बोलावता कशाला? माझ्या आईला रस्त्यावर बसवायला?”

काकी धावत आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच. तिने आजीसाठी पाणी आणलं, झोपडीतली चटई आणली, आपली उशी आणली. आजीने पाणी घेतलं. त्या माणसाने मात्र चटई पायाने बाजूला सारली. आणि माझी काकी, जिने कधी कोणाला दारातून उपाशी पाठवलं नाही, ती आपल्या मुलाच्या वयाच्या माणसापुढे हात जोडून उभी राहिली. “चुकला आमचा, बाबा. चुकला.” सगळा गाव बघत होता.

मी तिला बाजूला घेतलं. “काकी, तुका बुकिंगचो मेसेज इल्लो नाय?”

“इल्लो,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “अकरा माणसा शुक्रवारी, म्हणान. माका वाटला, ह्या कसा? मगे म्हटलंय, थय आपला शर्मिला आसा. तिणा बघल्यान आसतला.”

जांभळीखाली जाऊन मी सुदेशला फोन केला. काय झालं तेवढंच सांगितलं.

पाऊण तासात सृष्टी स्कूटरवरून आली. धुळीने केस पांढरे. येण्याआधी तिने बोर्डावर सगळे होमस्टेवाले शोधून फोन लावले होते, सातव्याने होय म्हटलं होतं. देवबागला खाडीच्या बाजूला तीन खोल्या, आजीसाठी तळमजला. ती सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. “तारखा मी उघडल्या होत्या. चूक माझी आहे. तुम्ही मला बोला, काकींना बोलू नका.” तो बोललाच, चांगला पाच मिनिटं. तिने ऐकून घेतलं. मग आजीला स्वतः हात देऊन गाडीत बसवलं आणि पुढे स्कूटर घालून गाड्या घेऊन गेली.

जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान वळवली. चूक झाल्यावरही हिलाच कसं सगळं शोभून दिसतं, असं आलं मनात. त्या क्षणीसुद्धा मला हेच सुचावं!

पाच वाजता सुदेशचा फोन आला. “शर्मिला, गजाल बघितलंस? सॉफ्टवेअर सगळा बरा, पण बोर्डाक कौल कळना नाय. गावची माणसा समजणारा माणूस होया. कुडाळाक तूच जा. मी कार्ड करतंय.”

मी “बरं,” म्हटलं. आणि खरंच दोन मिनिटांत बोर्डावर कार्ड आलं. ‘कुडाळ ऑफिस, प्रमुख.’ हिरवा गोल. ‘श.’ मला हवा होता तो. मी त्याच्याकडे बघत जांभळीखाली उभी राहिले, आणि मला अंगठा बघायचीसुद्धा इच्छा झाली नाही.

दिवस कलताना भाईंनी गाऱ्हाणं घातलं. कौल मिळाला नाही की संध्याकाळी शिवेवर गाव जमतो आणि देवाला विनवतो. भाई गावाकडे तोंड करून उभे राहिले, आम्ही त्यांच्या मागे.

“बा देवा म्हाराजा! तुझी लेकरा आज चौथो दिस शिवेभायर बसली हत...”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

“कोणाकडसून कळत, नकळत काय चूक झाली आसात, ती पोटात घाल...”

“व्हय म्हाराजा!”

माझं तोंड उघडलं नाही. नकळतवाल्यांचं ठीक आहे. कळतवाली त्या गर्दीत मी एकटीच होते असं मला वाटलं, आणि माझ्यामुळे तीनशे घरं बाहेर बसलीत असंही वाटलं. मी कॉम्प्युटरवर काम करणारी बाई आहे, पण वाटलं. काकीने कोपराने ढोसलं. “बोल गो. गाऱ्हाण्याक गप रवा नये.” तिचा आवाज दुपारी रडल्यामुळे बसला होता.

मी गर्दीतून मागे सरले आणि जांभळीकडे चालत गेले. अजून उजेड होता. बोर्ड उघडला, ‘झालं’ रकान्यातलं ते गावपळणीचं कार्ड उघडलं आणि माझ्या टिकेखाली लिहिलं, ‘चौथ्या दिवसाचं मला माहीत होतं. टिक मी मुद्दाम केली. आज सकाळीही पाहुण्यांना फोन करता आला असता, केला नाही. सृष्टीची चूक नाही.’ पाठवलं. आता ते सगळ्यांच्या फोनवर वाजणार होतं. सगळे म्हणजे दोघंच, पण मला तेवढेच खूप होते.

मिनिटाभरात फोन वाजला. सृष्टी.

“ताई,” ती म्हणाली. मागे देवबागच्या लाटांचा आवाज. “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“कौलाचं नाही. तुमच्या टिकेचं. टिक, मग काढली, मग परत टिक. तीन मिनिटांत. कार्डाच्या इतिहासात सगळं दिसतं. मला त्याच दिवशी दिसलं. काहीतरी खटकतंय एवढं कळलं होतं मला. काकींना एक फोन करून विचारायला हवं होतं.”

“मग नाही केलास?”

“नाही केला.” तिचा आवाज बारीक झाला. मग ती एकदम तिच्या घरच्या बोलीत आली, जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. “सहा म्हयने फोन उचलतंय मी, ताई. एक क्लायंट माझा नाव घेणा नाय. ‘शर्मिला आसा काय?’ ‘शर्मिलाक दी.’ ‘शर्मिला इली काय सांग.’ मी कितीव काम केलंय तरी. माका वाटला, एक तरी चूक तुमच्या नावार पडांदे. मगे कुडाळ माका गावतला.”

मी जांभळीच्या मुळावर बसले. ही माझे गोल मोजत नव्हती. ही माझे फोन मोजत होती.

“दुपारी तू सगळ्यांसमोर माफी मागितलीस,” मी म्हटलं.

“खरीच होती ती,” सृष्टी म्हणाली. “तुमका काय वाटला?”

तिने फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने माझ्या ओळींखाली तिच्या ओळी आल्या. तिनेही सगळं लिहिलं होतं, माझ्यापेक्षा एक वाक्य जास्तच. सुदेशचा अंगठा आला नाही. अंधार पडायच्या आत त्याने एकच गोष्ट केली. कुडाळच्या कार्डावरचा हिरवा गोल काढला आणि तिथे स्वतःचा ‘सु’ लावला. खाली लिहिलं, ‘कुडाळाक मी बसतंय. तुमी दोघी मालवणात बसा. समोरासमोर.’

शनिवारी सकाळी ढोल वाजला. गाव भरला. काकीने दार उघडलं, चूल पेटवली, आणि घरापुढचं खळं झाडायला घेतलं. बोर्डावर काकी नाही. तिला तोंडानेच सांगायला हवं होतं.

“काकी, चौथ्या दिसाचा माका म्हायत होता. मी मुद्दाम गप रवलंय.”

ती थांबली नाही. अर्धं खळं झाडून झालं तेव्हा म्हणाली, “म्हायत नसतला कसा? तू हयचीच मगे.” आणि केर भरायला वाकली. चहा दिला, भाकरी बांधून दिली, नेहमीसारखीच. मला वाटलं, मिटलं.

सोमवारी ऑफिसात सृष्टी माझ्या समोर बसली होती. दोघींनी एकमेकींना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड घातलं. साडेदहाला ऑफिसचा फोन वाजला. फोनवर काकीचं नाव. सृष्टीने माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच तिला घे म्हटलं. कारण मला माहीत होतं काकी काय विचारणार, ‘शर्मिला आसा काय?’

“हॅलो, काकी,” सृष्टी म्हणाली. मी हात पुढे करून तयारच होते, फोन घ्यायला.

“हां काकी. मीच बोलतेय... हो, सृष्टी.” ती कागदावर काहीतरी लिहू लागली. “शनिवारी चार जण. बरं. आणखी काही?... नाही? बरं, काकी.” तिने फोन ठेवला आणि खाली मान घालून कार्ड करायला घेतलं.

काकीने मला विचारलंच नाही.